हाताने जोडलेली गोधडी: वाचकांचे प्रश्न

जुन्या साड्यांच्या गोधडीविषयी या सदराकडे पत्रे नेहमीच येतात. मात्र थर एकमेकांवर ठेवून धावदोरा कसा घालावा, यापेक्षा तुकडे हाताने जोडून वरचा थर कसा तयार करावा, असे विचारणारी पत्रे अलीकडे अधिक आहेत. ही दोन कामे वेगळी आहेत. पहिल्यात सुई सगळ्या थरांतून आरपार जाते आणि ते थर एकमेकांना बांधते. दुसऱ्यात दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींना जोडल्या जातात आणि टाका सुलट्या बाजूने दिसत नाही. नवख्या व्यक्तीची गल्लत बहुधा येथेच होते, म्हणून या अंकात जोडकामाविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: बटण लावण्यापलीकडे मी कधी सुई धरलेली नाही. मुलीला बाळ होणार आहे आणि त्याच्यासाठी चौकोनी तुकड्यांचे दुपटे स्वतःच्या हाताने शिवावे, अशी फार इच्छा आहे. घरात शिवणयंत्र नाही. केवढे तुकडे घ्यावेत आणि सुरुवात कशी करावी? — एक वाचक, पुणे

उत्तर: शिवणयंत्र नाही याची मुळीच खंत करू नये. लहान तुकडे जोडताना हातातल्या सुईवर जेवढा ताबा राहतो, तेवढा नवशिक्याला यंत्रावर क्वचितच राहतो. आकार चौकोनीच घ्यावा. त्रिकोणात एक कड उरेब येते, म्हणजे ती कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याला धरून नसते. अशी कड हातात ताणली जाते आणि पहिल्याच कामात निराशा पदरी येते.

तयार झाल्यावर चौकोन चार इंचांचा दिसावा असे ठरवले, तर प्रत्येक बाजूला पाव इंच, म्हणजे दोन सूत, माया (शिवणीच्या रेघेबाहेर सोडलेले जादा कापड) सोडून तुकडा साडेचार इंचांचा कापावा लागतो. असे नऊ चौकोन तीन-तीनच्या ओळींत जोडले की बारा इंचांचा एक ठोकळा होतो आणि असे नऊ ठोकळे जोडले की छत्तीस इंच लांब-रुंद दुपटे तयार होते. एकूण 81 चौकोन लागतात. आकडा मोठा वाटला तरी आपण एका वेळी नऊच चौकोनांचा विचार करावा. पहिला ठोकळा मनासारखा झाला नाही, तर त्याची उशी करता येते आणि दुपट्यासाठी नवा ठोकळा सुरू करता येतो.

आता मुख्य गोष्ट. जाड पुठ्ठ्याचा बरोबर चार इंचांचा साचा करावा. साडेचार इंचांचा करू नये. कापड इस्त्री करून उलटे पसरावे, साच्याच्या कडा कापडाच्या धाग्याला समांतर ठेवाव्यात आणि अणकुचीदार पेन्सिलीने साच्याभोवती रेघ ओढावी. गडद कापडावर पांढरी किंवा पिवळी पेन्सिल वापरावी. शिंप्याचा खडू चालतो, पण बोथट खडूची रेघ एक सूत रुंद होते आणि मग शिवण रेघेच्या आत घालायची की बाहेर, हा प्रश्न उरतोच. रेघेबाहेर अंदाजे पाव इंच सोडून तुकडा कापावा. कापणे थोडे वाकडे झाले तरी बिघडत नाही, कारण शिवण रेघेवरून जायची आहे, कापलेल्या कडेवरून नव्हे. यंत्रावर शिवणारे कापलेली कड प्रमाण मानतात. हाताने जोडणाऱ्याचे सगळे लक्ष रेघेवर हवे. शिकवणीच्या अनेक व्हिडिओंत कापण्याच्या चकचकीत हत्यारांवर बराच वेळ खर्च होतो, रेघेवर मात्र दोन वाक्ये येतात. नवशिक्याने उलट करावे, असे माझे मत आहे.

दोन तुकड्यांच्या सुलट्या बाजू एकमेकींवर ठेवाव्यात. वरच्या तुकड्यावर रेघांचा जो कोपरा आहे, त्यातून टाचणी सरळ खाली टोचावी आणि तुकडे पालथे करून ती मागच्या तुकड्याच्या रेघांच्या कोपऱ्यातूनच निघाली आहे ना, ते पाहावे. दुसऱ्या टोकालाही तसेच करावे आणि मध्ये एक-दोन टाचण्या लावाव्यात. दोरा सुती घ्यावा आणि दोन वितींपेक्षा लांब घेऊ नये. लांब दोऱ्याला पीळ पडतो, गाठी बसतात आणि कापडातून वारंवार ओढला गेल्याने तो झिजतो. दोरा एकेरीच ठेवावा. रंगीबेरंगी तुकड्यांत मध्यम राखाडी दोरा बहुतेक ठिकाणी लपतो, म्हणून तुकड्यागणिक दोरा बदलण्याची गरज पडत नाही. सुई बारीक हवी. पाकिटावरचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात लक्षात ठेवावे. जोडकामाला नऊ किंवा दहा क्रमांकाची सुई योग्य.

शिवण रेघेच्या कोपऱ्यावर सुरू करावी आणि समोरच्या कोपऱ्यावर थांबवावी. कापडाच्या कडेपर्यंत नेऊ नये. सुरुवातीला छोटी गाठ आणि तिच्यावर मागे घेतलेला एक टाका असावा. त्यानंतर साधा धावदोरा घालावा. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढावा. दर दोन इंचांवर एक टाका मागे घेतला की पुढे कुठे दोरा तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. अनुभवी हात इंचाला आठ-दहा टाके घालतात. आपण सहापासून सुरुवात करावी, पण ते सहा एकसारखे असावेत. दर दोन-तीन टाक्यांनंतर काम उलटवून मागच्या रेघेवरही टाका बसतो आहे का ते पाहावे. हे पाहणे कंटाळवाणे आहे, परंतु पहिल्या ठोकळ्यापुरते ते टाळू नये. दोरा ओढल्यावर शिवण अंगठ्याखाली हलकेच सरळ करावी, नाही तर चुण्या पडतात आणि चार इंचांचा चौकोन पावणेचार इंचांवर येतो.

प्रश्न: ओळी ठीक जुळतात, पण दोन ओळी एकमेकींना जोडल्या की चार चौकोन जिथे भेटावेत, तिथे एक-दोन सुतांचा फरक पडतो. उसवून पुन्हा शिवले तरी तसेच होते. — एक वाचक, ठाणे

उत्तर: आपली ओळीतली शिवण ठीक असेल, तर चूक बहुतेक वेळा सांध्यावर टाचणी लावण्यात असते. दोन ओळी समोरासमोर धरल्यावर फक्त दोन टोकांना टाचण्या लावून शिवत गेल्यास मधले सांधे आपोआप जुळतील असे धरले जाते. ते जुळत नाहीत, कारण वरचा आणि खालचा थर बोटांखाली सारख्या गतीने सरकत नाहीत. म्हणून प्रत्येक सांध्यावर, म्हणजे आधीच्या शिवणीचा शेवट जिथे आहे नेमक्या त्या बिंदूतून, टाचणी उभी टोचावी आणि ती मागच्या ओळीच्या तशाच बिंदूतून बाहेर काढावी. ही टाचणी लगेच आडवी घालू नये, कारण आडवी घालताना थर पुन्हा सरकतात. ती उभीच ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना दोन टाचण्या लावाव्यात आणि मग मधली काढून घ्यावी.

दुसरी गोष्ट मायेची. सांध्याजवळ आल्यावर उभी राहिलेली माया खाली दाबून तिच्यावरून शिवण नेण्याचा मोह होतो. तसे केले की तिथे कापडाचे चार पदर एकाच टाक्यात येतात, सांधा जाड होतो आणि एका बाजूला ढकलला जातो. सांध्याच्या अलीकडे एक टाका मागे घ्यावा, माया बाजूला धरून सुई तिच्या बुडातून पलीकडे काढावी, पलीकडे पुन्हा एक टाका मागे घ्यावा आणि पुढे जावे. माया मोकळी राहिल्यामुळे इस्त्री करताना ती हवी त्या बाजूला वळवता येते. सांध्याच्या चारही माया एकामागून एक एकाच दिशेने फिरवल्या, तर मध्यभागी जाडी जमत नाही आणि मागच्या बाजूला छोटीशी चक्री दिसते. इस्त्री दाबून उचलावी, घासत फिरवू नये. घासल्याने चौकोनाचा पतंग होतो.

एवढे करूनही एखाद्या सांध्यावर अर्धा सूत फरक राहिला, तर तो तसाच राहू द्यावा. थर घालून धावदोरा झाल्यावर आणि एक धुणे पडल्यावर तो शोधूनही सापडत नाही. दोन सुतांचा फरक मात्र उसवावा, कारण तो पुढच्या ओळीत उतरतो.

प्रश्न: सासूबाईंच्या मागे त्यांच्या पुष्कळ साड्या राहिल्या आहेत. काही सुती नऊवारी, काही इरकली, बऱ्याचशा नंतरच्या काळातल्या पॉलिएस्टरच्या. सगळ्यांचा एक-एक तुकडा गोधडीत यावा, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. हे शक्य आहे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर: शक्य आहे, पण पहिल्या गोधडीत नको. सुती कापडावर नखाने घडी पाडली तर ती टिकते आणि शिवण दबून बसते. पॉलिएस्टर घडी धरत नाही, टाचणीखालून सरकते आणि गरम इस्त्रीने आकसते किंवा वितळते. एकाच शिवणीत एका बाजूला मऊ झालेली सुती नऊवारी आणि दुसऱ्या बाजूला निसरडे पॉलिएस्टर आले, तर शिकलेल्या हातालाही ते जड जाते. शिवाय सुती पांघरूण घाम टिपते, पॉलिएस्टर टिपत नाही. पहिले काम निव्वळ सुती साड्यांचे करावे. पॉलिएस्टरच्या साड्यांचा आग्रहच असेल, तर त्यांच्या तुकड्यांना मागून पातळ मलमल कच्च्या टाक्यांनी जोडून घ्यावी आणि मग रेघ आखावी; मलमल तुकड्याला धरून ठेवते. त्याचे पांघरूण करण्यापेक्षा भिंतीवर लावण्याजोगा किंवा दिवाणावर टाकण्याजोगा चौक करणे अधिक शहाणपणाचे.

जुनी सुती साडी सगळीकडे सारखी जुनी नसते. खालचा काठ जमिनीवर घासून विरतो, बसण्याचा भाग पातळ होतो आणि नऊवारीत कासोट्याच्या भागाची झीज जास्त असते. साडी खिडकीसमोर उजेडात धरावी. जिथे विण विरळ दिसते, तो भाग वगळावा. उरलेल्या भागाला दोन्ही हातांनी उभा आणि आडवा हलका हिसका द्यावा. चर्र आवाज आला, तर त्या कापडाला वरच्या थरात जागा नाही. आतल्या थरात मात्र ते खुशाल घालावे, कारण तिथे त्याला वरच्या आणि खालच्या थराचा आधार मिळतो. खरे तर गोधडीची ऊब याच मऊ झालेल्या आतल्या थरांत असते.

रंगाची परीक्षा कापण्याआधीच करावी. पांढरे फडके ओले करून प्रत्येक साडीच्या गडद काठावर घासावे. फडक्याला रंग लागला, तर ती साडी वेगळी, वारंवार पाणी बदलून धुवावी आणि पुन्हा तपासावी. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो, हा समज घरोघरी आहे. कच्चा राहिलेला रंग मिठाने पक्का होत नाही. चार धुण्यांनंतरही रंग सुटत असेल, तर त्या साडीचा तुकडा फिकट तुकड्याशेजारी लावू नये.

प्रश्न: येथील शिवणमंडळात कागदावर कापड गुंडाळून षटकोनी तुकडे जोडतात. ते सोपे वाटते. आईची गोधडी मात्र तशी नव्हती. नवशिक्याने कोणती पद्धत धरावी? — एक मराठी वाचक, न्यू जर्सी

उत्तर: कागदाची पद्धत इंग्लंडमध्ये फार जुनी आहे. तिथल्या क्विल्टर्स गिल्ड या गोधडीकारांच्या संस्थेच्या संग्रहात 1718 साल घातलेले रेशमी तुकड्यांचे एक पांघरूण आहे, ते याच पद्धतीने, कागदावर कापड दुमडून केलेले आहे. प्रत्येक तुकड्यासाठी जाड कागदाचा नेमक्या मापाचा आकार कापायचा, कापडाच्या कडा त्याच्यावर दुमडून कच्च्या टाक्यांनी धरायच्या आणि मग दोन तुकडे समोरासमोर धरून त्यांच्या दुमडलेल्या कडा बारीक तिरप्या टाक्यांनी शिवायच्या. सर्व बाजूंनी शेजारी तुकडे आले की कागद काढून घ्यायचा. तीन कोपरे एका बिंदूत मिळवायचे असतात, अशा षटकोनासाठी ही पद्धत खरोखर उत्तम आहे. आकार कागदाने पक्का धरलेला असल्यामुळे तो ताणला जात नाही.

चौकोनांसाठी मात्र ती मला वेळखाऊ वाटते, कारण प्रत्येक तुकडा दोनदा शिवावा लागतो. षटकोनांचे आकर्षण असेल आणि प्रवासात, डॉक्टरांकडे थांबलेले असताना थोडे-थोडे काम करायचे असेल, तर तीच धरावी. वर्षभरात एक पांघरूण पुरे व्हावे असे वाटत असेल, तर रेघ आखून धावदोऱ्याने चौकोन जोडावेत. आईच्या गोधडीचे म्हणाल, तर तिच्यात बहुधा जोडकाम नव्हतेच. अखंड साडीचे थर आणि त्यांच्यावर ओळीने टाके असावेत. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच वाकळ म्हणतात. तशी गोधडी नवशिक्याला या दोन्ही पद्धतींपेक्षा सोपी आहे, हेही आपल्याला सांगितले पाहिजे.

प्रश्न: आमच्या भागात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया तुकड्यांच्या गोधड्या करतात. त्या साचा घेत नाहीत, मापही घेताना दिसत नाहीत. मग एवढी आखणी कशासाठी? — एक वाचक, बेळगाव

उत्तर: प्रश्न रास्त आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतल्या सिद्दी स्त्रियांचे काम वेगळ्या तत्त्वावर चालते. त्या आधी वरचा थर जोडून मग थर घालत नाहीत. खाली साडीचा आधार पसरतात, एका कोपऱ्यापासून तुकडा ठेवतात, त्याची कड आत दुमडतात आणि थेट आधारासकट धावदोरा घालतात. कडेकडेने फिरत मध्यभागाकडे येतात. तुकडे जोडणे आणि थर बांधणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात होतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचे त्रिकोणी फूल लावतात आणि त्याशिवाय गोधडी पुरी झाली असे मानत नाहीत.

त्या पद्धतीत दोन तुकडे नेमक्या बिंदूत भेटण्याची गरजच नसते, कारण एका तुकड्याची कड दुसऱ्यावर चढते. जागा उरली तर तिथे बसेल असा तुकडा शोधला जातो. म्हणून साचा लागत नाही. लागते ती रंगाची आणि प्रमाणाची नजर, आणि ती पुठ्ठ्यावर कापून देता येत नाही. आपल्याजवळ अशा स्त्रिया काम करत असतील, तर त्यांच्याजवळ बसून शिकण्याची संधी सोडू नये. शिकण्याचा योग्य मोबदलाही द्यावा. आखणी आवडत नसलेल्या नवशिक्याला ही पद्धत माझ्या मते अधिक मानवेल.

प्रश्न: वरचा थर जोडून झाला आहे. पुढे थर घालून धावदोरा घालताना मागची साडी गोळा होते, आणि सुई ढकलून बोटाला भोके पडली आहेत. — एक वाचक, चिपळूण

उत्तर: मागची साडी गोळा होते, कारण थर कच्च्या टाक्यांनी पुरेसे बांधलेले नाहीत. फरशी पुसून कोरडी करावी. खालची साडी उलटी पसरून, ताणून न धरता केवळ सपाट करून तिच्या कडा फरशीला कागदी चिकटपट्टीने लावाव्यात. त्यावर आतले एक किंवा दोन थर आणि सर्वांत वर जोडलेला थर सुलटा ठेवावा. खालचे थर चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठे असावेत. मग मध्यापासून बाहेर, वीतभर अंतरावर उभे-आडवे लांब कच्चे टाके घालावेत. या कामाला एक दुपार जाते. ती वाचवण्यासाठी टाचण्या लावून भागवणारे पुष्कळ आहेत आणि मागच्या बाजूच्या चुण्यांविषयीची पत्रे त्यांच्याचकडून येतात. धावदोरा सपाट ठेवलेल्या कामावर मध्यापासूनच सुरू करावा. पारंपरिक गोधडीत पुष्कळ ठिकाणी तो कडेपासून आत नेतात, पण तिथे हात तयार असतो.

बोटाचे म्हणाल, तर सुई ढकलणाऱ्या मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे शिंप्याची बोटात घालायची टोपी, घालावे. पहिले दोन दिवस ते अडचणीचे वाटते. सैल असेल तर आत कापडाची पातळ पट्टी घालावी. खालच्या हाताच्या बोटाला सुईचे टोक हलके लागणारच, कारण टाका मागे निघाला की नाही हे त्यावरूनच कळते. त्या बोटावर कागदी चिकटपट्टीचा एक वेढा पुरतो. दुपट्यासाठी आतला एकच थर घेतला, तर जोरही कमी लागतो.

प्रश्न: हाताने जोडलेली गोधडी यंत्रात धुतली तर चालते का? — एक वाचक, नागपूर

उत्तर: पहिली काही धुणी हातानेच, थंड पाण्यात, सौम्य साबणाने करावीत. पिळू नये, दाबून पाणी काढावे, कारण ओल्या गोधडीला पीळ दिला की सगळा ताण शिवणींवर येतो. दोरीवर एका कडेने लोंबकळत ठेवण्याऐवजी दोन दोऱ्यांवर पसरून, किंवा खाटेवर सावलीत वाळवावी. शिवणी पक्क्या आहेत अशी खात्री पटल्यावर, समोरून दार असलेल्या यंत्रात हलक्या कपड्यांच्या फेरीला ती घालता येते. कुठे शिवण सुटलेली आढळली, तर धुण्याआधी दुरुस्त करावी. सुटलेल्या मायेचे धागे एका धुण्यात इतके निघतात की नंतर तिथे शिवायला कापड उरत नाही आणि वरून वेगळा तुकडा लावावा लागतो.